1020 प्लस आणि बारा-ए कार्ट्रिज: डाग कुठून आला ते सांगणारं मशीन

एचपीच्या लेझरजेट 1020 प्लस या प्रिंटरला पाचपैकी चार तारे. एक कापला तो आपोआप पाठपोट छापत नाही, वायफाय नाही, स्कॅनर नाही म्हणून. बाकी मशीनबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती खराब प्रिंट लांबून बघूनच "फ्यूजर गेला", म्हणजे अक्षर तापवून कागदावर पक्कं करणारा भाग गेला, असं म्हणणाऱ्यांबद्दल, आणि हे सगळं लिहायला बसले ते खरं तर त्यासाठी.

मी कोल्हापुरात कोर्टाच्या कामाचं टायपिंग करते. भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, बक्षीसपत्र, वकिलांचे दावे आणि कैफियती. 2025च्या ऑगस्टमध्ये इथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हापासून कागद आणखी वाढलाय. माझ्या टेबलावर एचपीचं लेझरजेट 1020 प्लस आहे, शेजारच्या दादांकडं कॅननचं एलबीपी 2900. दोघांवरची नावं वेगळी, पण एचपीच्या या मशीनच्या आतली यंत्रणा कॅननचीच, म्हणून दोन्हीत एकच कार्ट्रिज, म्हणजे टोनर या काळ्या पुडीचा डबा, बसतं. कम्पॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या पण चालणाऱ्या, कार्ट्रिजचं खोकं बघा, 12ए, 303, एफएक्स9 असं सगळं त्यावर एका ओळीत छापलेलं असतं. याचा उपयोग काय ते पुढं येईलच.

मशीन साधं. मिनिटाला चौदा पानं, ट्रेमध्ये दीडशे कागद, वर एक-एक कागद सारायची वेगळी फट. चालू-बंदचा स्विच सोडला तर बटण म्हणून एकही नाही, दोन दिवे तेवढे. कागद अडकला की झाकण उघडायचं, ओढून काढायचा, झाकण लावायचं, पुढचं पान येतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बारा-एवर चिप नाही. हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये रिफिल केलेलं कार्ट्रिज घातलं की चिपवरून ते ओळखतं आणि अडून बसतं. याला तसलं काही ठाऊकच नाही. टोनर भरा, घाला, चालू.

आता डागांकडं.

इंग्रजी मजकुरावर बारीक काळा ठिपका पडला तर कुणी लक्ष देत नाही. मराठी दस्तात तोच ठिपका अक्षराच्या डोक्यावर बसला की अनुस्वार होतो, आकड्यांच्या मध्ये बसला की दशांशचिन्ह. 112 गट नंबरचा 11.2 झालेला मी स्वतः बघितलाय, आणि क्षेत्राच्या आकड्यात असा ठिपका आला की समोरचा वकील त्यावर बोट ठेवणारच. पांढरी उभी पट्टी आली तर शिरोरेखा मध्येच तुटते आणि अख्खं पान उसवल्यासारखं दिसतं. त्यात 2024च्या ऑक्टोबरपासून बऱ्याच दस्तांना शंभराऐवजी पाचशेचा स्टॅम्प लागतो. तो पक्षकारानं स्वतःच्या नावानं आणलेला असतो. खराब प्रिंट त्यावर गेली तर "दुसरा कागद घ्या" म्हणून भागत नाही. त्यामुळं डाग ओळखता येणं ही आमच्याकडं हौस नाही, गरज आहे.

छपाईची वाट एकदा डोक्यात बसली की निम्मं काम झालं. कार्ट्रिजच्या पोटात चकचकीत हिरवा किंवा निळा नळ असतो, तो ड्रम. त्याला टेकून एक काळा रबरी रोलर फिरतो, त्याला बाजारात पीसीआर म्हणतात. तो ड्रमवर विजेचा भार चढवतो. वरून लेझर येऊन अक्षराच्या जागचा भार उतरवतो. टोनर धरून ठेवणारा चुंबकी रोलर म्हणजे मॅग रोलर, त्याच्यावरचा टोनर तेवढ्याच जागी उडी मारतो. खाली मशीनमध्ये काळा स्पंजचा ट्रान्सफर रोलर आहे, तो टोनर कागदावर ओढून घेतो. शेवटी फ्यूजर, म्हणजे टेफ्लॉनची पातळ फिल्म आणि प्रेशर रोलर, टोनर वितळवून कागदात दाबतो. ड्रमवर उरलेला टोनर ब्लेड खरवडून काढते आणि तो कार्ट्रिजमधल्याच कचऱ्याच्या कप्प्यात जातो. एवढंच. यातलं निम्म्याहून जास्त सामान कार्ट्रिजमध्येच आहे, म्हणून या मशीनचे बहुतेक आजार कार्ट्रिज बदललं की जातात. पण हे सांगण्यात फ्यूजर विकणाऱ्याला काय मिळणार?

माझं पहिलं हत्यार म्हणजे शाळेची पट्टी. डाग पानावर पुन्हा पुन्हा येतोय का बघायचं, आणि येत असेल तर दोन डागांमधलं अंतर वरून खाली मोजायचं. बारा-एचा ड्रम 24 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे त्याचा एक फेरा साधारण 75 मिलिमीटरचा. साडेसात सेंटिमीटरवर तोच ठिपका परत आला की ड्रमवर ओरखडा आहे नाहीतर काहीतरी चिकटलंय, दुसरं काही शोधायचं नाही. ए-फोरवर असा ठिपका तीन-चारदा दिसतो, लीगल कागदावर चार-पाचदा. अंतर याच्या निम्म्याच्या आसपास भरलं तर बहुधा कार्ट्रिजमधलेच छोटे रोलर, पीसीआर किंवा मॅग. दोन्हींत न बसणारं अंतर निघालं तर मग ट्रान्सफर रोलर आणि फ्यूजरकडं वळायचं. अंतर नीट जुळत नसेल, डाग मनाला येईल तिथं पडत असतील, तर तो रोलरचा प्रश्नच नाही, कुठून तरी टोनर सांडतोय.

दुसरं हत्यार अर्धं पान. हे मला एका जुन्या मेकॅनिकनं शिकवलं, आणि मी ते वकिलांच्या कारकुनांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांना शिकवत असते. प्रिंट द्यायची. कागद निम्मा आत गेला की झाकण उघडायचं. मशीन थांबतं. कार्ट्रिज हळूच बाहेर काढायचं, खालची झडप बोटानं सरकवायची आणि ड्रमकडं बघायचं. ड्रमला हात लावायचा नाही, उजेडात फार वेळ धरायचंही नाही. त्यावर तुमची अक्षरं टोनरमध्ये उलटी उमटलेली दिसतात. तिथंच ती तुटकी असली तर दोष कागदापर्यंत पोचायच्या आधीचा, म्हणजे कार्ट्रिज किंवा लेझर. ड्रमवर ठसठशीत आणि कागदावर फिकी, तर ट्रान्सफर रोलर नाहीतर दमट कागद. फ्यूजरमध्ये न शिरलेला कागदाचा भाग स्वच्छ आणि बाहेर आलेला तेवढा खराब, तर मात्र फ्यूजर. ही चाचणी करताना कागदावरचा टोनर कच्चा असतो, फुंकर मारू नका, नाकात जातो.

या चाचणीनं माझे पैसे कसे वाचले तेही सांगते. उजवीकडं पानभर फिकट पट्टे यायला लागले होते. रिपेअरिंगवाला पोरगा आला, पान उजेडाकडं धरलं, मशीन उघडलंसुद्धा नाही.

"वहिनी, फ्यूजर गेलाय. टेफ्लॉन आणि रोलर दोन्ही टाकायला लागणार. पंधराशेपर्यंत जाईल."

"अरे, फ्यूजर गेला असता तर अक्षर बोटाला लागलं असतं की. हे बघ, घासतेय, निघतंय का?"

"तसं नसतंय वहिनी, आतनं जातंय ते."

"बरं. मग अर्ध्यात थांबवून बघू."

थांबवलं. ड्रमवरच उजव्या बाजूची अक्षरं निम्मी गायब. फ्यूजर तिथून पुढं कुठंतरी लांब, त्याचा काय संबंध? तरी खात्री म्हणून शेजारच्या दादांच्या कॅननमधलं कार्ट्रिज काढून माझ्यात घातलं, पान आरशासारखं आलं. आणि माझं त्यांच्यात घातल्यावर त्यांच्याकडं तेच पट्टे. पोरगा गप्प बसला, मग म्हणाला, "कार्ट्रिज नेतो मग." मॅग रोलरचा थर एका बाजूला झिजला होता. तीनशेच्या आत काम झालं. दोन मशीनना एकच कार्ट्रिज बसण्याचा हा फायदा. ऑफिसात नवं-जुनं मिळून दोन मशीन ठेवणार असाल तर एकाच कार्ट्रिजची घ्या, मेकॅनिक यायच्या आधीच तुमचं निदान झालेलं असतं.

रिफिलिंगबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण खराब प्रिंटचं माहेरघर तेच. अस्सल बारा-ए पानावर पाच टक्के शाई धरून 2000 पानांचं म्हणून विकलं जातं. आमची पानं वरपासून खालपर्यंत भरलेली, त्यामुळं तेवढी निघत नाहीत. अस्सल महाग पडतं, म्हणून इकडं सगळे रिफिलच करतात आणि त्यात वावगं काही नाही. प्रश्न रिफिल कसं करतात याचा आहे. नीट करणारा माणूस पिना काढून कार्ट्रिजचे दोन भाग वेगळे करतो, कचऱ्याचा कप्पा रिकामा करतो, ब्लेड पुसतो, पीसीआर पुसतो, मग टोनर भरतो. घाईतला माणूस टोनरच्या कप्प्याला सोल्डरिंगच्या सळीनं भोक पाडतो, नरसाळ्यानं टोनर ओततो, वर चिकटपट्टी मारतो. पाच मिनिटांत काम, दरही कमी. पण कचऱ्याचा कप्पा तसाच भरलेला. दोन-तीनदा असं झालं की ब्लेडनं खरवडलेल्या टोनरला जायला जागाच उरत नाही, तो कडेनं सांडतो आणि पानावर काळी भुकटी, ओळींच्या मध्ये बोटं उमटल्यासारखे डाग. कार्ट्रिज घरी आलं की आधी उलटंपालटं करून बघा. चिकटपट्टी दिसली तर पुढच्या वेळी दुसरं दुकान.

पानाच्या पांढऱ्या भागावर राखाडी झाक येणं हाही याच घरचा आजार. ड्रम थकलेला असतो, पीसीआर मळलेला असतो, नाहीतर दुसऱ्याच मॉडेलचा टोनर भरलेला असतो. टोनर म्हणजे नुसती काळी पूड नाही. बारीक दळलेलं प्लॅस्टिक असतं ते, आणि या कार्ट्रिजमध्ये लागणारा टोनर चुंबकाला ओढला जाणारा असावा लागतो. किलोच्या पिशवीतला कुठलाही भरला की झाक येते, नाहीतर अक्षर कागदाला नीट धरत नाही. रिफिल करून आणल्या आणल्या झाक दिसली तर ड्रम बदलायच्या आधी टोनर कुठला भरला ते विचारा. जुन्या टोनरवरच बऱ्याच दिवसांनी हळूहळू झाक चढत गेली तर ड्रमची वेळ झाली.

उभ्या रेघांचं थोडक्यात. बारीक, धारदार काळी रेघ वरपासून खालपर्यंत, तर ड्रमला गोल चरा पडलाय किंवा ब्लेडला खाच. पांढरी पट्टी असेल तर आधी कार्ट्रिज काढून आडवं धरून पाच-सहा वेळा सावकाश हलवायचं, टोनर एका बाजूला गेलेला असतो. गेली तर ठीक, अजून काही पानं निघतील. नाही गेली आणि कार्ट्रिज बदलूनही जागच्या जागी राहिली, तर लेझरच्या वाटेत धूळ किंवा किडा. ते उघडणं मात्र तुमचं-माझं काम नाही, माहीतगाराकडं द्या. सगळं पानच फिकट आणि कार्ट्रिज बदलूनही फिकटच असेल तर लेझरचा आरसा धुरकटलाय असं समजा, आमच्याकडच्या दमट हवेत होतं ते. हो, आणि त्याआधी ड्रायव्हरमध्ये इकोनोमोड चालू नाही ना बघा. मुलं टोनर वाचवायला लावतात आणि विसरतात.

आता अक्षर निघून येणं. कागदावरून बोट फिरवलं आणि बोट काळं झालं, घडीवर मजकूर सोलून निघाला, तर तिथं खरंच फ्यूजर. पण फ्यूजर म्हणजे लगेच नवा फ्यूजर नव्हे. स्टॅम्प पेपर जाड आणि खरबरीत. मशीनला वाटतं साधा कागद आहे, तेवढीच उष्णता देतं, टोनर वरवर चिकटतो. प्रिंट देताना प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कागदाचा प्रकार बाँड किंवा रफ करायचा, मशीन जास्त तापवतं आणि अक्षर पक्कं बसतं. स्टॅम्प वरच्या एकेरी फटीतनं सारायचा, ट्रेमध्ये इतर कागदांवर ठेवायचा नाही, तिरका जातो. आणि आधी तोच मजकूर साध्या कागदावर काढून, स्टॅम्पवर धरून उजेडात बघायचा. पहिली ओळ छापील नक्षीवर चढत नाही ना, एवढ्यासाठी. साध्या कागदावर पण अक्षर निघतंय, तर टेफ्लॉन बघा. टेफ्लॉनला फाडणारी वस्तू बहुतेक वेळा एकच असते, यू-पिन. पाठकोरे कागद कच्च्या प्रिंटला वापरायची आपल्याकडं पद्धत आहे, चांगली आहे, पण कोपऱ्यातली पिन काढलेली नसली की ती फ्यूजरमध्ये जाऊन फिल्म चिरते. माझ्याकडं पाठकोऱ्यांचा खोका वेगळा आहे आणि त्यातला प्रत्येक कागद कोपऱ्यावर बोट फिरवूनच ट्रेमध्ये जातो.

जुलैत कोल्हापुरात पाऊस लागला की अर्ध्या तक्रारी कागदाच्या. एकदा एक पक्षकार उडीच मारून उठला, "वहिनी, धूर! मशीन पेटलं!" धूर कसला, वाफ होती ती. दमट कागद तापलेल्या फ्यूजरमधून गेला की त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, वास जळका नसतो, ओल्या कागदाचा असतो. अशा कागदावर अक्षर मध्येच फिकं पडतं, ठिगळं आल्यासारखं, कारण ओल्या कागदात भार टिकत नाही, टोनर ओढला जात नाही. कागद पन्हाळीसारखा वाकून बाहेर येतो आणि पाठीमागची बाजू छापायला परत घातला की हमखास अडकतो. यावर मेकॅनिक बोलावू नका. रिम फोडलं की लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये ठेवा, उरलेले प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून. माझ्या कपाटात साधा पिवळा बल्ब पावसाळाभर जळतो, खालच्या कप्प्यात, कागदापासून हातभर लांब. वीजबिलात काय फरक पडतो तो पडू दे.

काही बारीकसारीक गोष्टी. टोनर अंगावर सांडला तर गार पाण्यानं धुवा, गरम पाण्यानं तो कापडात पक्का बसतो. मशीनच्या आत सांडला तर कोरड्या मऊ कापडानं पुसा. घरातला व्हॅक्यूम क्लिनर लावू नका, ही पूड त्याच्या फिल्टरमधून आरपार जाते आणि खोलीभर उडते. ट्रान्सफर रोलरच्या स्पंजला बोट लावायचं नाही, हाताचं तेल लागलं की त्या जागी अक्षर उठत नाही. कागद एकाऐवजी दोन-तीन ओढले जात असतील तर कागद सुटे करणारं सेपरेशन पॅड गुळगुळीत झालंय, स्वस्त वस्तू आहे, बदलून टाका. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर प्रिंटर जोडू नका, फ्यूजर तापताना एकदम करंट ओढतो आणि यूपीएस ओरडतो.

घ्यावं का? नवं घ्यायचं असेल आणि रोज पाच-पन्नास पानं, मोबाइलवरून प्रिंट, स्कॅन असं सगळं लागत असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. पण टायपिंगचं टेबल, वकिलाचं ऑफिस, पतसंस्थेचा काउंटर, जिथं दिवसभर काळंपांढरंच निघतं, तिथं चांगलं जुनं 1020 मिळालं तर सोडू नका. सुटे भाग कोल्हापुरात कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याकडं मिळतात, आणि दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागत नाही.

जुनं बघायला जाताना आपलं कार्ट्रिज आणि आपले कोरडे कागद घेऊन जा. विकणारा कार्ट्रिज नवं टाकून ठेवतो आणि मशीनचा दोष त्यात झाकतो, किंवा थकलेलं ठेवतो आणि बरं मशीन वाईट दिसतं. आपलं घालून एक पान मजकुराचं, एक पान निम्म्या काळ्या रंगाचं काढा, डागांचं अंतर मोजा. मग अर्ध्यात झाकण उघडा. विकणारा "असं करू नका, बिघडेल" म्हणाला तर सरळ उठा, याच्यात बिघडण्यासारखं फार थोडं आहे आणि झाकण उघडल्यानं काही होत नाही. शेवटी दहा-वीस पानं सलग काढून शेवटच्या पानावरून अंगठा दाबून फिरवा. अंगठा स्वच्छ राहिला तर भाव करायला बसा.